प्रचाराचा शेवटचा रविवार

नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या प्रचाराचा शेवटचा रविवार, आणि मार्गशीर्ष तोंडावर आलेला. त्यामुळे ठाण्याच्या मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या नेहमीच्या मावशींपुढे हलवा, बोंबील आणि मांदेलीचे वाटे मांडलेले होते. त्यांच्या मागे ओंडक्यावर कोयता घेऊन त्यांच्याकडे मासे साफ करणारा पोरगा बसला होता. तो पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा. माशाचे खवले तो शेपटीकडून डोक्याकडे असे उडवतो की एकही खवला गिऱ्हाइकाच्या अंगावर येत नाही. माझी सुरमई त्याच्या हाताखाली अर्धी कापून झाली होती, तेवढ्यात ढोल वाजला. उमेदवार आले. गळ्यात उपरणं, मागे झेंडे, एका कार्यकर्त्याच्या खांद्यावर स्पीकर. भाषण दोन-तीन मिनिटांचंच झालं. बाहेरून आलेल्यांनी आमच्या कोळी बांधवांच्या पोटावर पाय दिलाय, घुसखोरांना एकेकाला शोधून बाहेर काढू, वगैरे. मावशींनी टाळ्या वाजवल्या. देखल्या देवा दंडवत म्हणून वाजवल्या असंही नाही, चांगल्या मनापासून वाजवल्या. तळहाताला चिकटलेले खवले त्या टाळ्यांबरोबर उडत होते. पोराचा कोयता थांबला होता, तो ओंडक्याकडे बघत होता. मिरवणूक बर्फवाल्याच्या बाजूने पुढे गेली, चहावाला आला, आणि मावशींनी मान मागे वळवून म्हटलं, “ए पोरा, पयला चाय घे तुझा, नायतर निवल.” त्याच्या हाताला रक्त होतं म्हणून ग्लास त्यांनीच त्याच्या तोंडाशी धरला.

टाळ्या आणि चहा, यात पाच मिनिटांचंही अंतर नव्हतं. मी तिथे उभी होते, म्हणून सांगते, दोन्ही खरं होतं.

तेच मला कितीतरी दिवस छळत राहिलं. मावशी दुटप्पी आहेत असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखते. त्यांचं दुखणं खोटं नाही. सकाळची भवानीच आता उशिरा होते. मोटरसायकलला थर्मोकोलचे खोके बांधून सोसायट्यांच्या दारात मासे विकणारे त्यांच्या आधी पोचतात. तरुण गिऱ्हाईक मोबाइलवरून मागवतं, त्याला साफ केलेले तुकडे पिशवीत बंद होऊन घरी येतात. किनाऱ्याजवळ पूर्वीसारखी मासळी मिळत नाही, बर्फ महाग झालाय, आणि बाजाराच्या मागच्या बाजूचं गटार पावसाळ्यात तुंबलं की पाणी त्यांच्या पाटापर्यंत येतं. एवढ्या सगळ्या कारणांपैकी उमेदवारांनी एकच उचललं, कारण त्या एकाला चेहरा आहे. गटाराला चेहरा नाही. मासळी कमी होण्यालाही नाही. त्या उमेदवारांच्या पक्षाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याच आठवड्यात साधारण हीच वाक्यं मी दोन वेगळ्या रंगांच्या उपरण्यांकडून ऐकली होती.

माझ्या वडिलांचंही हे दुखणं होतं. आजोबा रत्नागिरीकडून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेले, लालबागला गिरणीत लागलेले. त्यांच्या खोलीत पाळीप्रमाणे माणसं झोपायची. रात्रपाळीवाला उठून गेला की दिवसपाळीवाल्याची वळकटी त्याच जागेवर पसरायची. वडील मात्र मॅट्रिक झालेले, इंग्रजी टायपिंगचा चांगला वेग असलेले, आणि तरीही एकेका कचेरीच्या जिन्यावरून परत येणारे. त्या वर्षांत बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकातल्या ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या. एकामागून एक दाक्षिणात्य नावं. वडील सांगायचे की त्या याद्या वाचताना कानशिलं तापायची, कारण त्यांना ज्यांनी परत पाठवलं होतं त्यांतलं एखादं नाव तिथे सापडायचं. १९ जून १९६६ ला शिवसेना निघाली. पुढच्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईतून व्ही. के. कृष्ण मेनन उभे राहिले, तेव्हा सेनेने काँग्रेसच्या स. गो. बर्व्यांना पाठिंबा दिला. मेनन देशाचे माजी संरक्षणमंत्री, त्यामुळे चीनचं युद्ध हा विषय प्रचारात होताच. पण वडिलांच्या आठवणीत राहिलं ते एवढंच की समोरचा माणूस केरळचा होता. मेनन हरले. थोड्याच दिवसांत बर्वे गेले, पोटनिवडणूक झाली आणि बर्व्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांच्याकडूनही मेनन पुन्हा हरले. वडिलांना त्या दोन्ही निकालांनी नोकरी मिळाली नाही.

नोकरी मिळाली ती सत्तरच्या दशकात, आणि हे मला न्यायाने सांगितलंच पाहिजे. शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीची माणसं तेव्हा कचेऱ्यांच्या दारात अर्ज घेऊन बसायची. परीक्षेची तयारी करून घ्यायची, मुलाखतीत इंग्रजीत काय बोलायचं ते संध्याकाळी शाळेच्या वर्गात शिकवायची, भरतीची जाहिरात मराठी वर्तमानपत्रात आली नाही तर साहेबाला जाब विचारायची. त्यात दांडगाई होती, टेबलं उलटलीही जायची. पण त्या दांडगाईच्या पलीकडे चिकाटीचं, कागदपत्रांचं, रोजचं काम होतं, आणि त्या कामातून माझ्या वडिलांसारखी कितीतरी मराठी मुलं बँकांत आणि विमा कंपन्यांत लागली. आमच्या घरात पहिला पंखा त्या पगारातून आला. म्हणून भूमिपुत्रांच्या प्रश्नाकडे मी वरून, नाक मुरडून बघू शकत नाही. माझं शिक्षणच त्या प्रश्नावर उभं आहे. मला राग येतो तो त्यातलं काम गळून गेलं आणि फक्त भाषण उरलं याचा.

दाक्षिणात्यांचा प्रश्न कधी सुटला, हे मी एकदा वडिलांना विचारलं होतं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, सुटला असं नाही, लोक दुसरीकडे बघायला लागले. हे माझ्या मनात रुतून बसलंय. तो विषय संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही. गिरण्या बंद पडल्या, शहराचा धंदा बदलला, आणि सभांतलं बोट आधी एका माणसाकडून दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे वळत गेलं. १९९५ ला शिवसेना-भाजप युतीच्या प्रचारात बांगलादेशींना हाकलण्याचं आश्वासन होतं. सत्ता आल्यावर पोलिसांनी काही जणांना पकडून रेल्वेने बंगालकडे नेलं, तर जुलै १९९८ मध्ये उलुबेरियाला जमावाने गाडी अडवली. हे आमचेच, भारतातलेच लोक आहेत, असं तिथल्यांचं म्हणणं. त्याआधी, १९९३ ला, सेनेचं हिंदी दैनिक निघालं होतं, ते याच शहरातल्या हिंदी भाषकांसाठी. २००३ ला ‘मी मुंबईकर’ ही सगळ्यांना सामावून घेणारी मोहीम आली, आणि त्याच वर्षी रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या बिहारी मुलांना कल्याणला मारहाणही झाली. २००८ च्या फेब्रुवारीत, राज ठाकरे यांच्या मनसेच्या आंदोलनानंतर, नाशिकच्या सातपूर-अंबडमधून उत्तर भारतीय कामगार हजारोंनी गाठोडी बांधून निघाले. त्या वेळी नाशिकला असलेली माझी मामेबहीण सांगते की तिच्या नवऱ्याच्या कारखान्यात यंत्रं नुसती उभी होती आणि मराठी फोरमनच मालकाला विचारत होता की माणसं कधी परत येतील. पुढच्या वर्षी विधानसभेत मनसेचे तेरा आमदार आले. २०१४ ला एक, २०१९ ला एक, २०२४ ला एकही नाही. मधल्या काळात, २०१८ च्या डिसेंबरमध्ये, राज ठाकरे कांदिवलीला उत्तर भारतीयांच्या मेळाव्यात गेले आणि हिंदीत बोलले. छटपूजेला तर जुहूच्या किनाऱ्यावर जवळपास सगळ्याच पक्षांचे पुढारी येऊन जातात.

कुठलाही पक्ष यातून सुटत नाही. फेब्रुवारी २०२२ हा एकच महिना आठवून पाहावा. उत्तर प्रदेशात मतदानाचा पहिला टप्पा १० तारखेला होता. त्याच्या तीन दिवस आधी पंतप्रधानांनी लोकसभेत आरोप केला की कोरोनाच्या पहिल्या लाटेत काँग्रेसने मुंबईच्या स्टेशनांवर उभं राहून मजुरांना गावी जायची तिकिटं दिली आणि साथ पसरवली. १४ तारखेला गोव्यात मतदान झालं. तिथे मूळ गोंयकार कोण याची व्याख्या कायद्यात आणू म्हणणाऱ्या रिव्होल्युशनरी गोवन्स या नव्या पक्षाची एक जागा आली. पंजाबचं मतदान २० तारखेला. तिथे काँग्रेसचे मुख्यमंत्री चरणजितसिंग चन्नी ‘युपी, बिहारच्या भय्यां’ना पंजाबात राज्य करू देऊ नका असं सभेत म्हणाले आणि शेजारी प्रियांका गांधी उभ्या होत्या. तोच कामगार एका राज्यात साथ पसरवणारा, दुसऱ्या राज्यात आक्रमक. गोव्याचं तर मला आणखी लागतं, कारण तिथे भायले, म्हणजे बाहेरचे, आपणही. म्हापशाच्या बाजारात भाजीच्या गाड्यावर बसणाऱ्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या बाईला ‘घाटी’ म्हणतात, आणि ते ज्या सुरात म्हणतात तो सूर मुंबईत मी कितीतरी वेळा दुसऱ्यांसाठी लावलेला ऐकलाय.

२०२० चा मे महिना मात्र कुठल्याच प्रचारसभेत नीट आला नाही. कसारा घाटात डोक्यावर बॅगा, कडेवर पोरं घेऊन चालणाऱ्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या. ८ मे च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करून ते पायी निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा तो फोटो छापून आला, त्या दिवशी आमच्या घरात कुणाला जेवण गेलं नाही. हजारोंनी माणसं महाराष्ट्र सोडून चालली होती. गर्दी कमी व्हावी असं इतकी वर्षं म्हणणाऱ्यांपैकी कुणालाही त्या दिवसांत समाधान वाटल्याचं मी पाहिलं नाही. उलट बांधकामं थांबली, आणि जूनअखेरीस कंत्राटदार तिकिटं काढून देऊन माणसांना परत बोलावू लागले. माणसं जाताना काय होतं ते आपल्याला डोळ्यांनी दिसलं होतं. त्यावर निवडणुकीत बोलता आलं असतं. राहायची जागा, रेशनकार्ड, कामावर नोंद, ठरलेली मजुरी, यावर बोलता आलं असतं. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ पासून होता. त्याप्रमाणे नोंदी ठेवल्या असत्या तर कोण कुठे अडकलंय हे सरकारला त्या मे महिन्यात शोधत बसावं लागलं नसतं.

नोंदीवरून आठवलं. प्रचारात आकडे भरपूर असतात. इतके लाख घुसखोर, दिवसाला इतक्या गाड्या भरून लोंढे. आपल्याकडची शेवटची जनगणना २०११ ची आहे. पुढची २०२७ ला होणार. मधली सोळा वर्षं जो ज्याला हवा तो आकडा माईकवरून सांगतो आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला तो पडताळून बघायला काही साधन नाही. मला वाटतं, पक्षांना ते अडचणीचं वाटत नाही.

आणि आश्वासनांचं तसंच. ही गोष्ट माझ्या लक्षात सावकाश आली, पण आता ती डोळ्यांपुढून हलत नाही. निवडणूक ज्या सभागृहाची, त्याच्या हातात नसलेलंच आश्वासन या विषयात दिलं जातं. सीमेवरचा बंदोबस्त, नागरिकत्व, परदेशी माणसाला परत पाठवणं, हे सगळं केंद्राचं काम. ते विधानसभेच्या प्रचारात येतं, महापालिकेच्याही येतं. भारतीय नागरिकाने देशात कुठेही फिरावं, राहावं हा तर राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमातला हक्क. तो कुठल्याच राज्याला काढून घेता येत नाही, तरी ‘लोंढे थांबवू’ हे वाक्य दर निवडणुकीत येतं. स्थानिकांना ऐंशी टक्के नोकऱ्या हे आपल्याकडे जुनं सरकारी धोरण आहे. २०१९ ला महाविकास आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात त्यासाठी कायदा करू असं लिहिलं होतं. हरियाणाने पंचाहत्तर टक्क्यांचा कायदा खरोखर केला. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. कर्नाटकाने जुलै २०२४ मध्ये तसं विधेयक आणलं आणि उद्योगांनी ओरड केल्यावर काही दिवसांतच बाजूला ठेवलं. म्हणजे मराठी मुलाला नोकरी हा प्रश्न खरा, पण त्यावरचं उत्तर असं निवडायचं की ते कोर्टात पडेल, आणि पडलं की पुढच्या निवडणुकीला पुन्हा वापरता येईल. समितीच्या माणसांनी संध्याकाळच्या वर्गात केलं ते काम कोर्टात पडलं नसतं. ते आज कुणी जाहीरनाम्यात लिहीत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. बरोबर १५ तारखेला, राज्यातल्या एकोणतीस महापालिकांची एकदमच, कितीतरी वर्षं रखडून. या निवडणुकीची मी खरोखर वाट पाहिली होती, कारण बाजार, गटार, फेरीवाल्यांचे परवाने हे सगळं महापालिकेचंच. फेरीवाला कायदा २०१४ चा आहे, त्याप्रमाणे नोंदणी नीट झाली असती तर दारोदार मासे विकणारा कोण, परवान्याचा कोण, हा मावशींचा प्रश्न भांडण न होता सुटू शकला असता. प्रचाराचे कागद मी मुद्दाम गोळा केले. चार गुळगुळीत कागदांपैकी तिघांवर ‘बाहेरचे’ होते. कुठे परप्रांतीय, कुठे घुसखोर. मासळीबाजार एकावरही नव्हता.

झारखंडचा निकाल मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्राबरोबरच २३ नोव्हेंबर २०२४ ला तिथलीही मतमोजणी झाली. संथाल परगण्यात भाजपने सगळा प्रचार घुसखोरांवर लावला होता, ‘रोटी, बेटी, माटी’ ही घोषणा होती. तिथल्या अठरा जागांपैकी त्यांना एक मिळाली. कारणं अनेक असतील, बायकांच्या खात्यातले पैसे होते, मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांच्या अटकेचा राग होता. तरी भीती दाखवली की मत मिळतंच, असं नाही, हे त्या आदिवासी गावांनी दाखवलं. आपल्याकडच्या वाहिन्यांवर त्या दिवशी त्याबद्दल जेमतेम दोन वाक्यं झाली.

भाषण विरून जातं असंही म्हणायची सोय राहिलेली नाही. जून २०२५ मध्ये मुंबईच्या आसपास काम करणाऱ्या काही बंगाली मजुरांना पकडून थेट बांगलादेशाच्या हद्दीत ढकललं गेलं. ते पश्चिम बंगालचे रहिवासी निघाले, आणि बंगाल सरकारने कागदपत्रं दाखवल्यावर सीमा सुरक्षा दलाला त्यांना परत आणावं लागलं. त्यांच्यात मुर्शिदाबादचेही होते. बातमी आली त्या आठवड्यात बाजारातल्या पोराने मला एक प्लॅस्टिकची पिशवी दाखवली. बर्फाच्या पेटीमागे खिळ्याला टांगलेली असते ती. आत आधार, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आणि वडिलांच्या जमिनीच्या कागदाची झेरॉक्स, चार घड्यांवर विरलेली. “दीदी, हे बस होईल ना?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्या हो म्हणण्याला माझ्याकडे काय आधार होता, मला माहीत नाही. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आपल्याच देशात मासे कापताना जमिनीचे कागद जवळ बाळगतो, याची मला एक नागरिक म्हणून लाज वाटते. घुसखोर असतात हे मला मान्य आहे, त्यांना कायद्याने परत पाठवावं हेही मान्य आहे. पण ते काम चौकशीचं आहे, कागद तपासण्याचं, न्यायाधीशापुढे उभं करण्याचं. स्पीकरवरून एखाद्याच्या बोलीकडे बोट दाखवलं की ते काम होत नाही, आणि त्या बोलीचा प्रत्येक माणूस संशयित होतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगालमध्ये मतदारयाद्यांची विशेष फेरतपासणी सुरू झाली. २००२ च्या यादीत आपलं किंवा आईबापाचं नाव दाखवायचं होतं. पोरगा अर्ज भरायला गावी गेला. गाडीत उभ्याने. त्याचं मत तिथे आहे, इथे नाही. इथे नोंदवायचं तर पत्त्याचा पुरावा हवा, आणि तो राहतो त्या खोलीत आठ जण आहेत, भाडेकरार कुणाच्याच नावाचा नाही. निवडणूक आयोगाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. एका यंत्रावर बहात्तर मतदारसंघांचं मतदान होईल, कामाच्या गावातूनच आपल्या गावचं मत देता येईल, असा. जानेवारीत पक्षांना ते यंत्र दाखवायचं ठरलं आणि बहुतेक विरोधी पक्षांनी विरोध केला. त्यांच्या शंका खोट्या नव्हत्या. परगावच्या यादीवर कोण लक्ष ठेवणार, आचारसंहिता कुठली लागू होणार, यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा, हे प्रश्न रास्तच होते. पण त्यानंतर ना सरकारी बाजूने तो विषय लावून धरला, ना विरोधकांनी दुसरा काही मार्ग सुचवला. कोट्यवधी माणसं आपल्या गावच्या मतदानाला मुकतात आणि जिथे राहतात तिथे मतदार नसतात, हे दोन्ही बाजूंना चालून गेलं. म्हणूनच ठाण्याच्या त्या उमेदवारांना ओंडक्याजवळ बसलेल्या मुलाकडे बघून बोलायची गरज पडली नाही.

आता बंगालची २०२६ ची विधानसभा निवडणूक आलीय आणि तो पुन्हा गावी जाणार आहे. हावड्याच्या गाडीचं तिकीट वेटिंगवर आहे. तिथल्या सभांतही घुसखोर हाच शब्द मोठ्याने चाललाय, पण तिथे निदान त्याच्या दारात येऊन त्याला नमस्कार करावा लागेल. मावशींनी त्याला दहा दिवसांची सुट्टी दिलीय आणि वर पाचशे रुपये. दहा दिवस मासे कोण साफ करणार हे ठरलेलं नाही. त्यांच्या मुलाला बोलावलं होतं, तो म्हणाला त्याला कोयता धरायला जमत नाही, आणि तो सध्या एका खासगी बँकेत कंत्राटी नोकरीचा फॉर्म भरतोय. फॉर्म इंग्रजीत आहे. मावशींनी तो पिशवीतून माझ्याकडे दिला, रविवारी त्याला घेऊन घरी येते म्हणाल्या, जरा बघून द्या.